काउंटरवर नवीन लागलाय? मग ऑनलाइनचं सगळं कसं सांभाळायचं ते वाचा

बेळगावात वाचनालयात असिस्टंट म्हणून लागलात, गणपत गल्लीतल्या दुकानात बसलात, उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात बिलिंगला लागलात, नाहीतर खानापूर-निपाणीकडं गावात सेवा केंद्र चालवायला घेतलंत, पहिल्या आठवड्यात एक वाक्य कानावर येणारच. "तुला कॉम्प्युटर येतोय न्हवं, मग ते व्हॉट्सॲप न गूगल न काय ते तूच बघ की." झालं. पगार तेवढाच, खरं काम डबल. आणि जे 'बघायचं' ते दरवर्षी बदलतंय, आज शिकलेलं बटन पुढच्या महिन्यात दुसरीकडंच सापडतंय. म्हणून हे लिहायला घेतलं. एवढं धरून चाला की टूल आपलं नसतंय, त्यातली माहिती तेवढी आपली. बाकी सगळं ह्याच्यातनंच निघतंय.

पहिला आठवडा: कशाला हात लावू नका

नवीन माणूस आला की आधी नवीन ॲप टाकतोय, नवीन ग्रुप काढतोय. नका करू. एक साधी वही घ्या आणि लोक काय विचारायलेत ते लिहा. प्रश्न काय, तो कुठनं आला (काउंटर, फोन, व्हॉट्सॲप, गूगल मॅप), कुठल्या भाषेत आला, आणि उत्तर कुणाला माहीत होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण बहुतेक ठिकाणी निम्मी उत्तरं एकाच म्हाताऱ्या क्लार्ककाकांच्या डोक्यात असतात आणि ते सुट्टीवर गेले की दुकान आंधळं होतंय. आठ-दहा दिवसांत कळतंय की प्रश्न फार नाहीतच, तेच ते फिरून येतात. आज चालू आहे काय, रविवारी उघडता काय, अमुक पुस्तक आलंय काय, जीएसटी बिल मिळंल काय, कोल्हापूरला पार्सल पाठवता काय, उताऱ्याला काय काय कागद आणू. ही यादी हातात आल्याशिवाय कुठलं टूल लागतंय ते ठरवताच येत नाही.

दुसरं काम: किल्ल्या कुणाकडं आहेत ते शोधा

हे कंटाळवाणं आहे खरं ह्याच्यावरच सगळं उभं आहे. गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल कुणी काढलं? फेसबुक पेज कुणाच्या अकाउंटला जोडलंय? व्हॉट्सॲपचा नंबर कुणाच्या नावावर? दहातल्या सात ठिकाणी उत्तर असतंय, "ते मागच्या पोरानं केलतं, तो आता पुण्याला असतोय." म्हणजे ओटीपी पुण्याला जातोय आणि तुम्ही इथं स्क्रीनकडं बघत बसताय.

करायचं काय, तर संस्थेच्या नावानं एक ईमेल काढा, स्वतःच्या नावानं नको. एक सिम संस्थेसाठी घ्या, ते मालकाच्या नाहीतर सेक्रेटरींच्या कागदावर. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये मालक म्हणून दोघांना घाला. जुना मालक सापडत नसला तर प्रोफाइलवरनं मालकी मागायची सोय आहे, त्याला मेल जातोय, त्यानं उत्तर दिलं नाही तर पुढचा रस्ता गूगलच दाखवतंय, थोडा धीर धरायचा. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि तो पिन कागदावर लिहून कपाटात ठेवा, कुणाच्या वाढदिवसाची तारीख टाकू नका.

आणखी एक. 'बाजूला ठेवलेलं' अकाउंट सुरक्षित असतंय असं नाही. व्हॉट्सॲप १२० दिवस वापरलंच नाही तर साधारण अकाउंट पुसलं जातंय, गूगलचं वैयक्तिक अकाउंट २ वर्षं उघडलं नाही तर तेही जाऊ शकतंय. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालवत असाल तर मेन फोन १४ दिवस बंद राहिला की लॅपटॉपवरचं आपोआप लॉगआउट होतंय, तेव्हा "काय बिघडलं काय की" म्हणून घाबरू नका, फोन चार्ज करा आणि लॅपटॉप परत जोडून घ्या.

तिसरं: दाराशी लावलेली माहिती बरोबर करा

वेळ, फोन, सुट्टी, मॅपवरचा पिन. एवढं बरोबर असलं तर निम्मे फोन कमी होतात. पिन बरोबर टाकताना गल्लीच्या तोंडाशी नाही, दरवाजाशी टाका, कारण आपल्याकडं गल्लीत गाडी शिरली की मागं घेता घेता रिक्षावाला तुमच्यासकट सगळ्यांचा उद्धार करतोय. खुणेला जवळचं देऊळ, शाळा, चौक लिहा.

नावाचं बघा. शहराचं नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, खरं शोधणारा माणूस अजून जुनंही टाइप करतोय आणि नवीनही, देवनागरीत वेगळं, इंग्रजीत वेगळं, कन्नडमध्ये वेगळं. म्हणून प्रोफाइलच्या वर्णनात दोन्ही नावं येऊ द्या. दुकानाचं नाव मात्र बोर्डावर आहे तेच ठेवा, त्यात 'बेस्ट', 'नंबर वन', 'होलसेल' असली शेपटं लावू नका, ते गूगलच्या नियमातही बसत नाही. कर्नाटकात २०२४ च्या कायद्यानं बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतंय, म्हणजे गिऱ्हाईक फोटोत जो बोर्ड बघणार त्यात कन्नड वर असणार, तर कन्नड लिहिता येणाऱ्या शेजाऱ्याकडनं प्रोफाइलसाठीही नाव एकदा नीट लिहून घ्या. अंदाजानं लिहिलेलं कन्नड हसण्यावारी जातंय.

सुट्ट्यांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच भरून टाका. गणपती विसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, ह्या दिवशी दुकान उघडं असलं तरी रस्ता बंद असतोय, तेही लिहा. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, तर चालू का बंद हे विचारायला फोन येतातच येतात.

चौथं: एकच दार ठेवा, खरं त्याच्यामागं माणूस ठेवा

फेसबुक, इन्स्टा, टेलिग्राम, व्हॉट्सॲप, ईमेल, सगळीकडं 'मेसेज करा' म्हणून लिहिलंय आणि बघणारा एकटा. मग इन्स्टावर मार्चमध्ये विचारलेल्याला जूनमध्ये उत्तर. आपल्या भागात लोक येतात ते व्हॉट्सॲपवर आणि फोनवर, म्हणून तेवढंच दार उघडं ठेवा आणि बाकी सगळीकडं लिहा की विचारायचं असलं तर ह्या नंबरवर.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं, फुकट आहे. त्यातल्या तीन गोष्टी खऱ्या कामाच्या. एक, क्विक रिप्लाय: पहिल्या आठवड्याच्या वहीतले ते दहा प्रश्न आठवतात ना, त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची आणि '/वेळ' टाइप केलं की सगळं येतंय. दोन, लेबल: 'पैसे यायचे', 'पुस्तक राखून ठेवलंय', 'काकांना विचारायचं'. तीन, बंद वेळेचा मेसेज. ह्यात एकच काळजी घ्या, "आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू" असलं लिहू नका, त्याचा कुणाला उपयोग नाही. "आता बंद आहे, उद्या सकाळी दहाला बघून सांगतो" असं लिहा, आणि मग खरोखर दहाला बघा.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना एकेकट्याला पाठवायची यादी) २५६ पर्यंत नंबर बसतात, खरं ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतोय. "मी पाठवलतं की ओ", "मला आलंच नाही की ओ" ही भांडणं त्यामुळंच. नवीन मेंबर, नवीन गिऱ्हाईक आलं की काउंटरवरच त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्या, विषय संपला. ग्रुप काढलात तर फक्त ॲडमिन मेसेज टाकतील असं सेटिंग पहिल्याच दिवशी लावा. नंतर लावलं की लोकांना राग येतोय, आणि नाही लावलं तर आठ दिवसांत सुविचार आणि फुलांचे फोटो.

भाषा: ज्यानं ज्या भाषेत विचारलं त्याला त्याच भाषेत उत्तर. मराठीला मराठी, कन्नडला कन्नड. आपल्यातले बरेच जण कन्नड बोलतात खरं लिहिता येत नाही, तर फोन करून बोला, किंवा व्हॉइस पाठवा. भाषांतराचं ॲप 'दुकान पाच वाजता बंद' एवढ्याला चालतंय, तक्रार आली असेल, पैशाची भानगड असेल तर ॲपच्या भरवशावर राहू नका, शेजारच्याला वाचून दाखवा. व्हॉइस मेसेजला व्हॉइसनं उत्तर दिलं तरी रक्कम आणि तारीख मात्र लिहूनच पाठवा. पुढं वाद झाला की कामाला तेच येतंय.

वाचनालयवाल्यांसाठी (दुकानवाल्यांनी सोडलं तरी चालंल)

बेळगाव, शहापूर, टिळकवाडी, खेड्यापाड्यांतली तरुण मंडळांची वाचनालयं, आपल्याकडं वाचनाची हौस जुनी, कडोली-उचगावसारखी गावं स्वतःच्या हिमतीवर साहित्य संमेलनं भरवतात. खरं पुस्तकांची यादी मात्र अजून दाखल रजिस्टरात. ती कॉम्प्युटरवर आणायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार.

कमिटीतलं कुणीतरी म्हणंल, "सॉफ्टवेअर घेऊया." थांबा. कोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण लायब्ररी ट्रस्टनं ते बनवून घेतलं, कारण त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हतं, आणि जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. आज जगभर मोठमोठ्या लायब्ऱ्या ते वापरतात. सरकारी लायब्ऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. दोन्ही चांगली. खरं तुमच्याकडं तीन-चार हजार पुस्तकं आणि तुम्ही एकटे, तर सर्व्हर कोण सांभाळणार? आधी साधी स्प्रेडशीट करा. रकाने हे: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, साल, प्रकार, किंमत, कपाट, कुणाकडं आहे. ही शीट नीट भरली असेल तर उद्या कोहात टाकणं सोपं, शीट गचाळ असेल तर कोहातही कचराच.

नीट म्हणजे काय ते सांगतो, कारण इथंच सगळं अडतंय. जुनी यादी कुणीतरी डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली असते, ती तुमच्या मशिनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तो फॉन्टचा खेळ आहे, आत मराठी अक्षर नाहीच. ती आधी युनिकोडमध्ये (सगळ्या मशिनवर सारखं दिसणारं मराठी) बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, खरं जोडाक्षरं हातानं तपासा. मग युनिकोडमध्येही एक खोडा आहे, 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतंय, एक सलग आणि एक 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखीच, कॉम्प्युटरला वेगळी. शोधताना एक टाइप केलं की दुसरं बऱ्याचदा सापडत नाही, आणि वाचक म्हणतोय पुस्तक नाही. 'ऱ्या' चं पण तसंच. म्हणून एकच कीबोर्ड ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरा.

लेखकाचं नाव आडनाव आधी की मागं, आद्याक्षरांत टिंब द्यायचं की नाही, एकदा ठरवून भिंतीवर चिकटवा. आकडे मात्र इंग्रजीच टाका, देवनागरी आकड्यांची बेरीज शीट बऱ्याचदा धरतच नाही आणि वार्षिक सभेत खजिनदार तुमच्याकडं बघत बसतात.

रोज पन्नास पुस्तकं घेतली तरी वेळ लागतोय, लागू दे. सुरुवात जास्त फिरणाऱ्या कपाटापासून करा, अ पासून नको. ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. धूळ खाणारं कपाट शेवटी.

शीट झाली की तिची फक्त बघता येईल अशी लिंक मेंबरना द्या, 'कुणाकडं आहे' हा रकाना मात्र लपवून. कोण काय वाचतोय हे गावाला सांगायची गरज नाही. शेजारी एक फॉर्म ठेवा, कुठलं पुस्तक मागवू. २००५ च्या सुमाराला अमेरिकेतले ग्रंथपाल मायकेल केसी यांनी 'लायब्ररी २.०' म्हणून जे मांडलं ते हेच होतं, वाचकाला नुसतं पुस्तक देऊ नका, लायब्ररी कशी चालावी ह्यात त्याला बोलू द्या. फॉर्म ठेवला की मात्र दर महिन्याला उत्तर द्या, मागवलं, नाही मागवलं, का नाही. उत्तर नसेल तर फॉर्म काढून टाकलेला बरा.

आणि स्पर्धा परीक्षेची पोरं. आज खुर्च्या त्यांनीच भरतात, त्यांना कादंबरी नको, जागा, प्लग आणि वायफाय पाहिजे. कुणी केपीएससीचं (कर्नाटक लोकसेवा आयोग) करतोय, कुणी रेल्वेचं, कुणी बँकेचं. त्यांच्यासाठी एका पानावर अधिकृत साइटच्या लिंक, नॅशनल डिजिटल लायब्ररी, मराठी विश्वकोश, एवढं लावून ठेवा. विश्वकोश नेटवर फुकट वाचायला मिळतोय हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही.

दुकान आणि वर्कशॉप

उद्यमबागेत काम असेल तर एक नियम लगेच पाळा, ड्रॉइंग फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतंय, मग ६ का ८ ते कळत नाही आणि शंभर पीस भंगारात. फाइलच्या नावात रिव्हिजन नंबर आणि तारीख टाका. आलेली फाइल त्याच दिवशी कॉम्प्युटरवर काढून घ्या, चॅटमध्ये राहू दिली तर दोन महिन्यांनी डाउनलोड होत नाही.

साडीचं दुकान असेल तर दिवसाउजेडी फोटो काढा, आणि रंगात थोडा फरक दिसंल हे आधीच लिहा. पैसे यूपीआयनं आले म्हणून स्क्रीनशॉट दाखवला तर तो बघायचाच नाही, आपल्या ॲपमध्ये नाहीतर बँकेत जमा दिसतंय का ते बघायचं. ओळखीचा असला तरी. "अहो विश्वास नाही काय" म्हणाला तर "मालकांचा नियम आहे ओ" म्हणा, मालक असतातच कशाला.

खराब रिव्ह्यू आला तर त्या रात्री उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन ओळी, काय झालं, काय करतो, ह्या नंबरवर बोला. भांडण तिथं वाढवलं तर वाचणारा तुमची बाजू वाचत नाही, तुमचा आवाज ऐकतोय. विकतचे पाच स्टार कुणी देतो म्हणाला तर दारातनंच परत पाठवा.

सेवा केंद्र

सेवा सिंधू, भूमी, नाडकचेरी, कावेरी, ही कर्नाटक सरकारची ऑनलाइन पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत, आणि समोर बसलेल्या आजोबांना दोन्ही येत नाहीत. फॉर्म सबमिट करायच्या आधी नाव, बापाचं नाव, गाव, सर्व्हे नंबर मोठ्यानं वाचून दाखवा. सगळ्यात जास्त अर्ज नावाच्या स्पेलिंगवर अडकतात, आधारवर एक, रेशन कार्डवर दुसरं, उताऱ्यावर कन्नडमधनं आलेलं तिसरंच. जुळत नसेल तर पैसे घ्यायच्या आधी सांगा. पावतीवरचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नुसता फोटो म्हणून नको, कागदावरही द्या. कर्नाटकात २०११ च्या सकाल कायद्यानं ठरावीक सेवांना मुदत आहे, ती मुदत कधी संपते ती तारीख त्याच कागदावर लिहा, म्हणजे तो माणूस रोज येऊन विचारत नाही आणि मुदत संपली की कुठं बोट ठेवायचं त्याला कळतंय.

सर्व्हर डाऊन असला तर "उद्या या" म्हणून वीस किलोमीटरवरनं आलेल्या माणसाला परत पाठवू नका, कागद तपासून, फॉर्म भरून तयार ठेवा, चालू झालं की ओटीपीसाठी फोन करतो म्हणा. आणि आधारचे फोटो तुमच्या गॅलरीत साठवू नका. काम झालं की त्याच्यासमोर डिलीट करा, चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा.

एआयचं काय करायचं

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून प्रत्येक मालकाला वाटायलंय की आता पोराची गरज नाही. मेसेजचा मसुदा करायला, इंग्रजी मेल सुधारायला, यादी नीट लावायला वापरा, चांगलं करतंय. खरं दर, स्टॉक, वेळ, सरकारी कागदांची यादी ह्याच्यावर त्याचं उत्तर तसंच्या तसं गिऱ्हाईकाला पाठवायचं नाही, ते न कळणाऱ्या गोष्टीही ठाम आवाजात सांगतंय. कंपन्यांच्या कस्टमर केअरला 'एक दाबा, दोन दाबा' करून लोक आधीच वैतागलेत, तुमच्याकडं ते येतात कारण इथं माणूस बोलतोय. तेवढं घालवू नका.

टूल बंद पडलं तर

पडणारच. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये गेलं, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये, फ्लॅश २०२० संपताना. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांनी सगळं गिऱ्हाईक तिथंच जमवलतं त्यांचं एका रात्रीत शून्य झालं. गूगलनं बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट दिलेल्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, प्रोफाइलवरचं चॅट ३१ जुलै २०२४ ला. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासभर काढा: गिऱ्हाईकांचे, मेंबरांचे नंबर शीटमध्ये, पुस्तकांची यादी, फोटोंचं मूळ फोल्डर, हे सगळं पेनड्राइव्हवर, आणि नंबरांची एक प्रिंट फाइलला. कुठलंही नवीन टूल घेताना विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, माझी माहिती बाहेर काढायची झाली तर कशी काढू? तो गडबडला तर घेऊ नका.

पैसे कशावर घालायचे

बहुतेक सगळं फुकटात होतंय. खर्च करायचाच असेल तर वेबसाइटच्या आधी डोमेन (नेटवरचा आपल्या नावाचा पत्ता) घ्या, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतंय, आणि ते संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या नावावर घ्या, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नको, नाहीतर पुढं तो फोन उचलत नाही आणि तुमचं नाव त्याच्या खिशात. त्या डोमेनवर सध्या एकच पान ठेवा, पत्ता, वेळ, नंबर, पुस्तकांच्या यादीची किंवा कॅटलॉगची लिंक, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. पिशवीवर, बिलावर, शिक्क्यावर तोच डोमेनचा पत्ता छापा, मागचं टूल बदललं तरी छापलेलं बदलावं लागत नाही. रिन्यूअलची तारीख दोघांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, एक महिना आधीची.